दादाला काढा

फोटो एडिट करायला मी एक दमडीही देणार नाही, असं बायकोला ठणकावून सांगितलं, तिथूनच सगळं बिघडलं. सासूसासरे, मेहुणे आणि आम्ही दोघं अशा एका ग्रुप फोटोत तिला काहीतरी काम करून हवं होतं.

"फुकटची सॉफ्टवेअर ढिगानं मिळतात," मी म्हणालो.

मिळतात खरी! पहिल्याच्या नावातच 'फ्री' होतं. उघडलं तर कामाच्या प्रत्येक बटणावर एक चिमुकला मुकुट. मुकुटाला हात लावला की पैसे मागायचं. मग फुकट काय होतं? फोटो उलटा करणं! (तो मी हातानंही करतो.) दुसऱ्यानं मुकाट्यानं काम करू दिलं आणि शेवटी सासऱ्यांच्या कपाळावर आडवं 'नमुना' असं छापून दिलं. अहो, जन्मभर अब्रूनं जगलेला माणूस तो! तिसऱ्यानं माझी जन्मतारीख आणि ओळखीच्या सगळ्यांचे नंबर मागितले. एवढी चौकशी लग्नाच्या वेळी सासरच्यांनीही केली नव्हती. (करायला हवी होती, असं बायको म्हणते.)

चौथं मात्र खरोखर फुकट निघालं. माणसावर बोट फिरवलं की माणूस गायब.

"मिळालं का एकदाचं?" बायको गॅलरीत कपडे वाळत घालता घालता ओरडली. "मग त्यातून दादाला काढा!"

"दादांना?" मी उडालोच. "पूर्ण?"

"मग काय अर्धा काढणार? नीट, कडेकडेनं काढा. आणि मी दिलेल्या पत्त्यावर पाचच्या आत पाठवा. नाहीतर माहेरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

माझे डोळे भरून आले. गेल्याच आठवड्यात मेहुण्यांनी माझ्या गाडी चालवण्यावरून चारचौघांत माझी शोभा केली होती. तेव्हा बायको गप्प बसली होती. आणि आज सख्ख्या भावाला फोटोतून हाकलून ती माझ्या बाजूनं उभी राहत होती! (लग्नानंतर प्रथमच.) मी मन लावून बोट फिरवलं. मेहुणे गेले. फक्त त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर उरला, तो काही केल्या जाईना. पत्त्यात 'छपाई' असा शब्द होता, म्हणजे फ्रेमवाला असणार, असं समजून मी फोटो रवाना केला.

तिसऱ्या दिवशी बायको मेहुण्यांच्या कंपनीचं वार्तापत्र घेऊन समोर उभी राहिली. 'आमचे नवे विभागप्रमुख.' खाली नाव मेहुण्यांचं, वर चेहरा माझा. (छापणाऱ्याचं तरी काय चुकलं? सासरे सोडले तर फोटोत पुरुष मी एकटाच.)

"दादाला काढा म्हटलं होतं ना मी?"

"काढलं की! समूळ काढलं!"

"अहो, काढा म्हणजे वेगळा काढा! एकट्याचा! बढतीची बातमी होती त्याची!"

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? आपल्याकडे फोटोही काढतात, काटाही काढतात आणि नोकरीवरून माणसालाही काढतात. 'सुटा करा' म्हणायला काय झालं होतं? पण माझं ऐकतो कोण! मी सूड उगवला, असंच सगळ्यांचं ठरलं. सासूबाई तर फोनवर रडल्याच. "एकुलता एक मुलगा हो माझा, पुसून टाकलात!" अपमान मी पुष्कळ गिळलेत, पण हा आरोप फार लागला.

शेवटी बायकोनं मला माफी मागायला धाडलं. चूक नसताना माफी! धुसफुसत गेलो. दार मेहुण्यांनीच उघडलं, तेही हसत.

"या, या! उपकार झाले तुमचे."

"कसले?"

"आमच्या मोठ्या साहेबांनी मला कधी पाहिलेलं नाही. वार्तापत्रातला फोटो बघून त्यांनी ताबडतोब फोन केला. म्हणाले, या माणसाची तब्येत पार ढासळलेली दिसते. आधी महिनाभर भरपगारी रजा द्या, त्यातून वाचला तर विभाग सोपवू."