यष्टीनं निघालेलं वादळ

"चिकाकडं बघत आभाळाशी बोलावं, सहादेवा, आन् आभाळाकडं बघत चीक घाटावा!"

आईचा, राहीबाईचा, हा आवाज सहादेवच्या कानात अजून जशाच्या तसा होता. आई जाऊन कैक उन्हाळे उलटले होते. पण फाल्गुनाची उन्हं अंगणात उतरली, घराघरांतून भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास सुटला, की तो आवाज कुठूनतरी उठायचाच. बाजेवर ओल्या कुरडयांची पांढरी फुलं मांडता मांडता ती गायची,

आभाळा माझ्या भावा, ऱ्हा रे शिवेपल्याड उभा
बाजंवरती वाळू दे, माझ्या चिकाची शोभा

आणि आभाळ तिचं ऐकायचं! निदान सहादेवला तरी तसंच आठवत होतं. आता आभाळाला भाऊ म्हणणारी आई नव्हती. पण सहादेवला त्याची फिकीर नव्हती, कारण त्याच्याकडे ट्रान्झिस्टर होता! मेहुण्यानं मुंबईहून आणलेला, चामड्याच्या झबल्यातला, खुंटीवर नवरदेवासारखा मिरवणारा. अख्ख्या वाडीत दुसरा नव्हता.

"आभाळाच्या मिनतवाऱ्या करायचे दिस गेले," सहादेव पारावर छाती काढून सांगायचा. "आता आभाळ काय करनार, ते आभाळाच्या आदी मला कळतंय!"

आणि या वर्षी ते कळणं फार गरजेचं होतं. विजयमालेचं, त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, वैशाखात लग्न होतं. सोयरीक श्रीगोंद्याची, बागायती घराण्यातली. ही सोयरीक पत्रिकेवर जुळली नव्हती, देण्याघेण्यावरही नाही. ती जुळली होती कुरडईवर! पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, तळलेल्या कुरडया ठेवल्या. नवऱ्या मुलाची आई कलाबाई गंभीर चेहऱ्याची बाई. त्यांनी एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"कुनी केल्यात?"

"आमच्या विजीनं!" भागूबाईनं उत्तर द्यायला पापणी लवायचाही वेळ घेतला नाही.

"मग ठरलं. हीच पोरगी आमच्या घरात पायजे. रुकवतात दुसरं काय नसलं तरी चालंल इहीनबाई, पन कुरडई हिच्याच हातची पायजे. पाटीभर!"

तेव्हापासून सहादेवचा जीव त्या पाटीभर कुरडयांत अडकला होता. कुरडई बिघडली तर लेकीची सोयरीक बिघडली! हे गणित त्यानं पक्कं बांधलं होतं आणि कुरडई वाळेपर्यंत तिच्यावर वाऱ्याचा वाईट झोत पडू द्यायचा नाही, असा विडा उचलला होता.

गहू भिजले, वाटले, गाळले. चीक रात्रभर निवळत बसला. उजाडता उजाडता भागूबाईनं चुलवणावर मोठं पातेलं चढवलं, आणि नेमका तेव्हाच खुंटीवरचा नवरदेव बोलला.

"कोकण किनारपट्टीवर उष्मा या दिवसांतल्या सरासरीपेक्षा अधिक राहील. काही ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी पाऊस पडण्याची शक्यता आहे. मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये."

सहादेवच्या हातातली दातवणाची काडी गळून पडली.

"भागू! चूल इझव!"

"का? काय झालं?"

"वादळ येतंय!"

"कुटं येतंय? त्यो मच्छीवाल्यांना सांगतोय," भागूबाई चीक घाटत म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "समुद्रात जाऊ नगा म्हनतोय. तुमी चाललाव का समुद्रात?"

"अगं, नाव मच्छीवाल्यांचं घ्यायचं आसतं! कीर्तनात बुवा कुना परगावच्या सावकाराची कथा सांगतो, तवा आपन काय म्हनतो, आपला काय संबंद? ऐकनारानं आपलं आपल्याला लावून घ्यायचं आसतं!"

भागूबाईनं सहादेवला नाही, पण चिकाला दोन दणके जास्त दिले.

"आन् उष्मा म्हनला का न्हाई त्यो?" सहादेवनं कपाळावरचा घाम बोटानं निपटून तिच्यापुढे धरला. "ह्यो बघ उष्मा! आजून चैत लागला न्हाई आन् वैशाखावानी धग हाय. निम्मं खरं झालं. ऱ्हायलेलं निम्मं वाटंवर हाय!"

धग मात्र खरोखरच होती. सकाळीच पत्रे तव्यासारखे तापले होते आणि कोंबड्या चोची उघड्या टाकून रांजणाच्या सावलीला पसरल्या होत्या.

सहादेव तडक पारावर गेला. तिथं गोरक्षनाथ तंबाखू मळत बसला होता. वाडीत कुणाची फजिती व्हायची असली, की हा माणूस आधी येऊन जागा धरायचा.

"सहादेवनाना, वादळ कोकनात म्हनतोय ना रेडिओ? मग हितं कसं येनार?"

"कसं म्हंजी? मुंबईची यष्टी सकाळी सुटती, ती दिस मावळायला आपल्या फाट्यावर येती का न्हाई?"

"येती की."

"मग वादळ काय यष्टीपरीस हळू येनार? त्याला ना थांबं, ना कंडक्टर!"

गोरक्षनाथानं तंबाखूची चिमूट ओठाआड सरकवली. "पन नाना, घाटात इंजान तापलं तर पानी घालाया थांबंल की."

पार हसला. सहादेव हसला नाही. ज्याच्या लेकीची सोयरीक चुलवणावर शिजते आहे, त्यानं का हसावं? "हसा," तो म्हणाला. "सांच्याला तुमच्या कुरडया पैठनला उडत गेल्या, की मग रडायला माझ्याच दारात याल!"

घरी येऊन त्यानं कंबर कसली. कुरडया उरकून घ्यायच्या आणि वादळाच्या आत वाळवायच्या! आयुष्यात ज्यानं चुलीपुढची राख ओलांडली नव्हती, तो सहादेव सोऱ्या धरून बसला. कढत चिकानं बोटं पोळली. पहिली कुरडई गांडुळांच्या भांडणासारखी पडली, दुसरी सोडलेल्या पागोट्यासारखी. शेजारची चांगुणा मदतीला आली होती, ती पदरात तोंड खुपसून हसली.

"भाऊजी, कुरडईला तोंड कुनीकडं आन् पाय कुनीकडं?"

"वादळ म्होरं आसताना तोंड-पाय बघत न्हाईत, वैनी! पोट भरलं म्हंजी झालं!"

विजयमाला मुकाट्यानं धोतरं आणून देत होती, बाजा सरकवत होती, खाली बघत होती. लग्न ठरलेली पोर, लाजत असेल, असं सहादेवला वाटलं. मग तो पुढच्या बंदोबस्ताला लागला. बाजांचे पाय दोरखंडानं लिंबाला बांधले. धोतरांच्या टोकांवर पाटा, वरवंटा, उखळ आणि खुद्द जात्याची तळी ठेवली. पत्र्यावर औताचं लाकूड चढवलं. शेवटी बैलगाडीही बाजांना अडकवून टाकली. अंगण असं दिसत होतं, जणू कुरडया चोरून पळून जाणार आहेत आणि सहादेवनं त्यांना जेरबंद केलंय!

दुपार भरली. पान हलत नव्हतं. पारावरची मंडळी मुद्दाम सहादेवच्या दारावरून चकरा मारू लागली.

"नाना, कल्यान सुटलं का?"

"नाना, नगरला च्या प्यायला उतरलं आसंल!"

सहादेव कुरडया उलथत राहिला. आणि इतक्यात, शेताच्या बाजूनं, धुळीचा एक भोवरा उठला. दरवर्षी उन्हाळ्यात उठते तशी साधी वावटळ. पाचोळा फिरवत ती वाडीत शिरली, उकिरड्यावर दोन गिरक्या मारल्या आणि जाता जाता गोरक्षनाथाच्या डोक्यावरची टोपी उचलून लिंबाच्या शेंड्यावर नेऊन ठेवली!

गोरक्षनाथानं मोकळं डोकं चाचपलं. वर बघितलं. आणि सकाळपासून ज्यानं सगळ्यांना हसवलं, तोच गळा काढून ओरडला, "आलं रं! नाना म्हनत हुता ते आलं!"

झालं! वाडीभर एकच पळापळ. आज घरोघरी वाळवण होतं आणि वाडीत पक्क्या दगडी भिंतींची खोली एकच, सहादेवची. बाया धोतरं, लुगडी, सुपं, परातींसकट ओल्या कुरडया घेऊन धावत सुटल्या.

"भाऊजी, माझ्या ठिवा!"

"नाना, माझ्या खाली नगं, दबत्याल!"

"अगं, माझ्यावर कुनाच्या वतल्या?"

"आत घ्या, समद्यांच्या आत घ्या!" दारात उभा राहून सहादेव सेनापतीसारखा हात करत होता. "कुनी म्हागं ऱ्हाऊ नगा!" दिवसभराची थट्टा त्याच्या पायाशी लोळत होती. त्यानं दार लावलं, खिडकीत पोती कोंबली, फटींत चिंध्या सारल्या. वाऱ्याला काय, मुंगीला वाट ठेवली नाही!

मग सगळी वाडी अंगणात बसून वादळाची वाट बघू लागली.

वादळ येईना. वावटळ तर कधीच बांध ओलांडून विरून गेली होती. आभाळ धुतलेल्या परातीसारखं कोरं. ऊन कलतं झालं, सावल्या लांबल्या. चांगुणाचं नाक पहिल्यांदा हललं.

"भाऊजी, कसला वास येतोय?"

सहादेवनं दार उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली आणि तिच्या मागोमाग आंबलेल्या चिकाचा असा भपकारा, की उंबऱ्यावरचं मांजर शिंकून पळालं. आत कुरडया नव्हत्या. कुरडई होती. एकच! वाडीतल्या समस्त घरांचं वाळवण त्या उकाड्यात गळ्यात गळे घालून एकजीव झालं होतं आणि मध्यभागी ढीग करून वाऱ्यासाठी विनवत बसलं होतं. एका बाजूनं चांगुणाची परात नुसती कड दाखवत होती.

"माझी बारीक साच्याची हुती, ती माझी!"

"बारीक माझा साचा! तुझा जाडा!"

"मग ही मधली कुनाची?"

"नाना," डोक्यावर उपरणं गुंडाळून गोरक्षनाथ शांतपणे म्हणाला, "ही आता तळायची म्हंजी गुऱ्हाळाची कढई आनावी लागंल."

आणि तेवढ्यात फाट्यावर यष्टीचा भोंगा वाजला. यष्टी वेळेवर आली होती. वादळ तिच्यातून उतरलं नाही. डोक्यावर पदर, हातात पिशवी, तोच गंभीर चेहरा... कलाबाई उतरल्या!

भागूबाई ओरडली, "अवं, इहीनबाई! दार लावा, दार!"

पण दार लावून काय उपयोग? वास तर फाट्यापर्यंत पुढे जाऊन स्वागत करून आला होता! कलाबाई अंगणात आल्या. लिंबाला बांधलेल्या बाजा बघितल्या. जात्याखाली दबलेलं धोतर बघितलं. झाडाच्या शेंड्यावरची टोपी बघितली. त्या सरळ खोलीच्या दारात गेल्या आणि त्या ढिगाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

सहादेव पुढे झाला. पोळलेली बोटं त्यानं पाठीमागे लपवली होती, पण मान ताठ होती.

"इहीनबाई, काय बोलायचं ते मला बोला. पोरीचा दोष न्हाई. तिनं आन् तिच्या आईनं चीक दुदावानी काडला हुता, नासवला मी. वादळाच्या भ्यानं. पन शबुद देतो, आजच्या आज गहू भिजत घालतो. वाडीतल्या समद्यांचे बी घालतो. आता आभाळ कोसळलं तरी एक कुरडई उनातनं उचलनार न्हाई. लगनाच्या दिशी रुकवतात पाटीभर पांढरीशुभ्र कुरडई दिसंल. न्हाई दिसली, तर मंग पोरीला न्या नायतर नगा नेऊ!"

विजयमालेनं चटकन वर बघितलं.

कलाबाईंनी पिशवी खाली ठेवली. दोरखंडावरून पाय उचलून अंगणात परतल्या आणि रिकाम्या बाजेच्या काठावर टेकल्या. आणि त्या गंभीर चेहऱ्याला पहिल्यांदा कुठंतरी तडा गेला.

"इवाई, मी कुरडई तपासाया आले न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "वाळवनाचे दिस हाईत, म्हनलं सुनंजवळ बसून बघावं. बघून शिकावं."

"शिकावं?" भागूबाईचा आ वासला.

"मला येत न्हाई कुरडई! सासू हुती तवर सासूनं केली, मागनं जावंनं केली. जाऊ येगळी निगाली आन् तवाधरनं आमच्या घरात सोऱ्याला हात लागला न्हाई. माझा चीक एकतर पान्यावानी, न्हाईतर असा," त्यांनी खोलीकडे बोट केलं. "भावकीत सांगती, आमाला कुरडई बाधती म्हनून! म्हनून तर हुडकून हुडकून ही पोरगी काडली. वाटलं, हिच्या हाताखाली बसंन, गपचिप शिकून घेईन. यंदा रुकवतात न्हाई आली तर न्हाई. करनारी तर घरात येतीया!"

अंगणातल्या सगळ्या बाया एकदम श्वास सोडून हसल्या. सहादेवच्या छातीवरून जात्याची तळी उतरली. त्यानं मोठ्या अभिमानानं लेकीकडे बघितलं. मग भागूबाईकडे बघितलं. पण भागूबाई भलतीकडेच तोंड करून रिकामं पातेलं घासायला लागली होती.

विजयमाला सासूसमोर येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मी आजपातूर वाळवनावरचे निस्ते कावळे हाकललेत."