गाडी बघायला सात माणसं

माझं नाव हौसेराव. नावात हौसही आहे आणि रावही आहे, आयुष्यात दोघांचाही पत्ता नाही. बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून आहे. आमची प्रेमला बँकेत. तिला प्रमोशन मिळालं आणि त्याबरोबर रत्नागिरीला बदलीही मिळाली. मुलगी वैदेही आईबरोबर गेली. जाताना प्रेमलाने मला कुकर कसा लावायचा, इस्त्री कशी बंद करायची, सगळं शिकवलं. एकट्याने रविवार कसा काढायचा, हे मात्र तिलाही येत नव्हतं.

घणसोलीतली आमची बिल्डिंग नवीन. इतकी नवीन, की बहुतेक फ्लॅटमध्ये अजून माणसंच आली नव्हती. शनिवारी ऑफिस सुटताना शिपायाला "येतो रे" म्हटलं, की माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघायचं ते सोमवारी. एकदा तर आवाज शाबूत आहे का बघायला मी कुकरशी बोललो. (त्याने शिट्टी मारून उत्तर दिलं. त्या आठवड्यातली तीच काय ती मनमोकळी बातचीत.)

अशाच एका रविवारी मी वाशीला नेलकटर आणायला गेलो. ऊन मरणाचं. वाटेत मोटारींचं शोरूम लागलं. काचेआड एसी. म्हटलं, आत जाऊन जरा घाम पुसू. दार ढकललं, तोच टाय लावलेला एक तरुण लगबगीने पुढे आला.

"या, या सर! बसा ना. चहा घेणार?"

वाचकहो, मला कुणी 'बसा' म्हणून कित्येक दिवस झाले होते. (ऑफिसात 'बसा' म्हणतात, पण ते 'उशिरापर्यंत बसा' अशा अर्थाने.) मी बसलो.

त्याचं नाव फजल, उरणकडचा. त्याने मला मधोमध ठेवलेल्या गाडीत नेऊन बसवलं. गाडी कसली, चाकांवरचा हॉल! जीपपेक्षा उंच, सीट आमच्या सोफ्यापेक्षा मऊ.

"फॅमिलीसाठीच आहे सर. लक्झरी. सात सीट. घरी किती जण आपण?"

इथे सरळ 'एक' म्हणायचं आणि नेलकटर आणायला जायचं. पण त्याने इतक्या आपुलकीने विचारलं, की 'एक' हा आकडा मला फारच लाजिरवाणा वाटला.

"सात," मी म्हणालो.

"मग ही तुमचीच गाडी! पुढच्या रविवारी घरीच आणतो. सगळ्यांना घेऊन चक्कर मारू, मग ठरवा."

तो आठवडा माझा फार छान गेला. रविवारी माझ्याकडे कुणीतरी येणार होतं! क्रीमची बिस्किटं आणली, गाडीबद्दल विचारायचे प्रश्न पाठ केले. घरची सहा माणसं कुठून आणायची, हा प्रश्न मात्र मी गेटवर उभा राहीपर्यंत स्वतःला विचारलाच नाही.

समोरून ती हॉलएवढी गाडी वळताना दिसली आणि मला घाम फुटला. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला बायजाबाई दिसली. बायजाबाई तळवलीची, आमच्याकडे मासे घेऊन यायची. आज ठेवणीतलं लुगडं नेसून, मुलगा पोपट, सून आणि दोन नातवंडं घेऊन रिक्षाची वाट बघत होती. शेजारी माशांची पाटी होतीच.

"बायजाबाई, कुठे निघालात?"

"बेलापूरला. भाचीचा साखरपुडा हाय. रिक्षावाला येक थांबंल तर शपथ!"

"चला, मी सोडतो," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हटलं.

फजल धरून बरोब्बर सात झाले. पोपट पुढे बसला. मधल्या सीटवर बायका, पोरं मागे. आणि मी पोरांमध्ये, मांडीवर माशांची पाटी घेऊन. (लक्झरी गाडीचं परीक्षण करताना नाकाचाही उपयोग होतो, हे तेव्हा कळलं.) पोरांनी सीटची मजबुती उड्या मारून तपासली. सुनेने खिडकी खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. पोपट मुकाट्याने एकेक बटण दाबत होता.

"वहिनी," फजलने आरशातून विचारलं, "पाय ठेवायला जागा कशी वाटते?"

"कोनाची वहिनी?" बायजाबाई म्हणाली.

मला जोरात खोकला आला.

"म्हणजे... सरांच्या मिसेस ना तुम्ही?"

बायजाबाई अशी हसली, की गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर तपासून झाले.

"आरं बाबा, मी याला बांगडं इकतंय! याची बायको रत्नागिरीला हाय. येकटाच असतो बिचारा. घेतो दोन बांगडं आन् भाव करतो अर्धा तास. पैशासाठी नाय रं, बोलाया कोन नाय म्हनून. मी पन बसतंय मंग जराशी."

मला वाटत होतं, मी घासाघीस करण्यात पटाईत आहे.

फजलने गाडी कडेला घेतली. मागे वळून तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"फजल," मी पाटीआडून म्हणालो, "मला गाडी घ्यायची नाहीये. ऐपतच नाही. तू 'बसा' म्हणालास, म्हणून मी बसलो."

"सर," तो हळूच म्हणाला, "या महिन्यात माझी एकही गाडी गेलेली नाही. साहेबांनी शेवटची वॉर्निंग दिलीय. मी त्यांना सांगून आलो, की आजची पार्टी पक्की आहे."

पोरं उड्या मारायची थांबली. मला त्या पाटीत बांगड्यांच्या खाली जाऊन झोपावंसं वाटलं.

"पन मना घ्यायची हाय की," पोपट म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो.

"आमाला दावायलाच आनली ना ही? मना वाटला, दादानं मुद्दाम बोलावली." पोपटच्या शेतावर नवी मुंबई उभी राहिली होती, आणि मोबदल्यातून घेतलेले त्याचे डंपर आता तिच्याच खडी-रेतीवर पळत होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी आपला बांगड्यांचा भाव करत होतो. "रंग पांढरा पायजे. आन् आईच्या पाटीला मागं जागा हाय, ती मी बघितली."

फजलने साखरपुड्यात चार लाडू खाल्ले. मला त्यांनी पहिल्या पंगतीला बसवलं, आणि "यो आमचा गाडीवाला दादा" म्हणून सगळ्यांना ओळख करून दिली. घरी येऊन मी कुकर लावला नाही. पोट भरलं होतं आणि बोलून बोलून घसाही बसला होता.

पोपटची नवी गाडी आली तेव्हा बायजाबाईने निरोप पाठवला: रविवारी सकाळी तयार राहा, गाडी घेऊन येतोय. मी पँटला कडक इस्त्री केली, सेंट लावलं. हॉर्न ऐकताच लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावत खाली आलो.

पांढरीशुभ्र गाडी गेटसमोर उभी. हार घातलेला. आत मी मोजून दहा डोकी पाहिली. पाइपलाइनसाठी खणलेल्या चराच्या चिखलात मागचं चाक रुतलं होतं.

"दादा, बरं झालं आलास!" बायजाबाई खिडकीतून ओरडली. "जरा ढकल!"

मी ढकललं. चाक गरगर फिरलं, सगळा चिखल माझ्या इस्त्रीवर आला, आणि गाडी एकदम सुटली ती थांबलीच नाही. पोरं मागच्या काचेतून हात हलवत होती. मीही हलवला, वळणापर्यंत.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून रत्नागिरीला फोन लावला. प्रेमलाने उत्सुकतेने विचारलं, "अहो, बघितली का शेवटी ती गाडी? कशी आहे?"

"छान आहे," मी म्हणालो. "मागून तर फारच छान दिसते."