सुलतानची भरती-ओहोटी

घरी जाऊन चष्मा घेऊन यावं, एवढंच मी त्या संध्याकाळी ठरवलं. कट्ट्यावर बाओचा डाव रंगात आला होता आणि चष्म्याशिवाय मला पटावरच्या खळग्यांतल्या बिया मोजता येईनात. (चष्मा लावूनही मी हरतोच; पण कसा हरलो ते निदान दिसतं.)

घरात बायको नव्हती. भाचीच्या लग्नासाठी ती पाच दिवस लामूला गेली होती. आमची सौमू नर्सिंग शिकायला नैरोबीला गेली, तेव्हापासून घर खायला उठतं म्हणून बायकोने एक मासा पाळलाय. बोटभर, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. नाव सुलतान. (मोंबासातल्या माणसाने समुद्राचं पाणी विकत आणून घरात मासा ठेवावा आणि तो खाऊही नये, यावरून कट्ट्यावर माझी पुरेशी चेष्टा झालेली आहे.) निघताना तिने बजावलं होतं, "सौमूचे बाबा, सकाळी चिमूटभर खाणं घाला आणि सूर्य मावळून मगरिबची बांग झाली की टाकीचा दिवा बंद करा. बाकी काही करू नका. मला बोलायला घरात तेवढाच एक आहे, त्याला सांभाळा."

मी हो हो म्हटलं. ती गेली त्याच संध्याकाळी बांग झाल्याबरोबर दिवा बंद केला, नमाज आटोपला आणि कट्टा गाठला होता.

आता चष्म्यासाठी परत येऊन खोलीतला दिवा लावतो तो काय, सुलतान टाकीच्या वरच्या कोपऱ्यात एका कुशीवर कलंडलेला! शेपूट खाली लोंबतेय, अंग हलके हलके डुलतेय. मी काचेवर टकटक केली. तो दचकला, एक गिरकी मारली आणि परत जाऊन तसाच कलंडला. मी पुरता घाबरलो. माशासाठी नाही हो, खोटं कशाला बोलू, बायकोसाठी. परत आल्यावर तिला मी काय तोंड दाखवणार होतो?

चष्मा तिथेच टाकून मी कट्ट्याकडे धावलो आणि फुमो नाखवांना घेऊन आलो. पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. त्यांच्या मागून बादी शिंपी आला आणि त्याच्या मागून उरलेला कट्टा.

"नाखवा, आजारी मासा ओळखायचा कसा?" बादीने विचारलं.

"माझ्याकडे आले तेव्हा सगळे ठणठणीत होते," नाखवा म्हणाले. "पुढचं मी कधी विचारलं नाही."

त्यांनी टाकीत बोट बुडवलं, चाखलं आणि निकाल दिला. "पाणी मेलंय. याला भरती नाही, ओहोटी नाही. अशात मी असतो तर मीसुद्धा आडवा झालो असतो."

"मग आता काय करायचं?"

"भरती आणायची. काहीतरी दे ढवळायला."

मी स्वयंपाकघरातून नारळीभाताचा लाकडी डाव आणला. नाखवांनी दोन वळसे दिले मात्र, सुलतान खडबडून उठला आणि टाकीभर सैरावैरा पळायला लागला. कट्ट्याने माना डोलावल्या. बादी म्हणाला, "याला म्हणतात अनुभव." डाव थांबला, पाणी निवलं आणि सुलतान पुन्हा कोपऱ्यात कलंडला. म्हणजे औषध लागू पडत होतं, फक्त सारखं देत राहायला हवं होतं.

आम्ही पाळ्या लावल्या. भरतीला तांब्याभर पाणी आत, ओहोटीला तांब्याभर बाहेर, मध्ये ढवळणं. तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. नाखवा म्हणाले, "आज उधाण आहे, हात राखू नका." मी आणि बादीने मिळून असं उधाण आणलं की जमिनीवरची चटई भिजली. सुलतान जरा कलंडला की कोणीतरी ओरडायचं, "गेला, गेला, ढवळ!"

पाचव्या दिवशी सकाळी त्याने खाण्याला तोंड लावलं नाही. रंग उतरला होता. भर दिवसा तो तळाशी बसून होता. मी टाकीसमोर बसलो आणि मला रडूच आलं. कचेरीत कळवलं की घरात आजारपण आहे. (साहेबांनी कोण आजारी म्हणून विचारलं. मी म्हटलं, सुलतान. त्यांनी फार अदबीने फोन ठेवला.)

संध्याकाळी बायको परतली. दारातून तिला दिसलं ते असं: बैठकीच्या खोलीत पाच पुरुष, बाह्या वर सरसावलेल्या, आणि तिच्या डावाने तिच्या माशाला ढवळणारा तिचा नवरा.

"काय चाललंय?"

"ओहोटी," बादी म्हणाला.

मी कसंबसं सगळं सांगितलं. तिने फक्त दाराकडे बोट केलं आणि कट्टा बाहेर पडला. सर्वांत पुढे नाखवा होते. मग तिने दिवा मालवला आणि बुरखाही न उतरवता टाकीजवळ बसली. "आता जागचे हलू नका."

थोड्या वेळाने सुलतान हळूहळू वर आला, कोपऱ्यात गेला आणि कुशीवर कलंडला. मी उठणार, तोच तिने माझं मनगट धरलं.

"झोपलाय तो."

"असा?"

"असाच झोपतो. दोन वर्षं झाली. रोज मगरिबनंतर."

"मग मला कसं माहीत नाही?"

"तुम्ही त्या वेळी कट्ट्यावर असता," ती म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. चार दिवस मी एका जिवाला डोळा लागू दिला नव्हता, आणि दोन वर्षं दुसरा जीव इथे अंधारात एकटा बसत होता. मला फार वाईट वाटलं.

सकाळी घातलेलं चिमूटभर खाणं सुलतानने एका दमात संपवलं आणि वर आणखी मागितलं. माझा जीव भांड्यात पडला. मी मनाशी ठरवलं, यापुढे संध्याकाळ घरी.

एक दिवस बसलो, दोन दिवस बसलो. तिच्या शेजारी बसून लग्नात काय काय झालं ते विचारलं. ती सांगायची, पण मधूनमधून माझ्याकडे निरखून बघायची. चौथ्या दिवशी तिने माझ्या कपाळाला हात लावला, आत गेली आणि सौमूला फोन केला. फोनचा आवाज मोठा होता.

"अगं, तुझे बाबा. संध्याकाळ झाली की घरातच बसून असतात."

"जेवतात का?" सौमूने विचारलं.

"दोन्ही वेळा."

"दिवसा कामावर जातात ना? मग काळजी करू नकोस, आई. वय झालं की माणूस जरा बसतो."

"नुसते बसत नाहीत गं. माझ्याशी बोलतात."



"मग मात्र उद्याच डॉक्टरांना दाखव," सौमू म्हणाली.