तिसरा परीक्षक पाहिजे

ओळखीचा माणूस न्याय करू शकत नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे. त्याच तत्त्वावर त्या विद्यापीठाचा पीएच.डी. कक्ष उभा होता. (इमारत कशावर उभी होती, याचा अहवाल अद्याप यायचा आहे.) परीक्षक संशोधकाला ओळखणारा नसावा, हा मूळ नियम. पुढे तो मार्गदर्शकालाही ओळखणारा नसावा, अशी सुधारणा झाली. मग एका चाणाक्ष सदस्याने दाखवून दिले की, विषयातल्या तज्ज्ञाची तर थेट विषयाशीच ओळख असते! समितीने बाके वाजवून तिसरी अट घातली. तेव्हापासून पक्षपाताचे प्रमाण शून्यावर आले. (पदव्यांचेही आले, पण तो निव्वळ योगायोग.)

ही अट नळवाल्या बाईंच्या मुळावर आली. त्यांचा प्रबंध नळांच्या गळतीवर होता, म्हणून कक्षात त्यांना सगळे तसेच म्हणत. नोंदणीच्या वर्षी जन्मलेली त्यांची मुलगी आता दुसरीत होती आणि आईच्या अर्जांवर तारखा तीच घालत असे. आज संध्याकाळी पाचला नोंदणी संपणार होती. मग आठही वर्षे रद्द, आणि महाविद्यालयातली नोकरीही गेली.

दोन परीक्षक मिळाले होते. एक दातांचे डॉक्टर, दुसरे निवृत्त संगीतशिक्षक. प्रबंध मौलिक असल्याचे दोघांनीही तो न उघडता कळवले. (म्हणून तिसऱ्याने निदान एक पान तरी वाचावे, अशी पोटअट निघाली.) तिसरे एक शिंपी ठरले होते; पण त्यांच्या घरचा नळ गळतो असे उघडकीस आले. हितसंबंध गुंतले म्हणून ते बाद.

नळ कक्षातलाही गळत होता. खाली बादली, बादलीला टेकून बाईंची फाइल. तो दुरुस्त करणे बाईंना पाच मिनिटांचे काम होते. पण मान्यता न मिळालेल्या संशोधनाचा वापर करणे नियमबाह्य होते.

"ताई, वीस मिनिटं राहिली," कारकून कळवळून म्हणाले. "कुणालाही आणा हो! तुम्हाला न ओळखणारं, नळातलं काही न कळणारं."

"मुलीच्या बाबांना बोलावू?"

"ते ओळखतात ना तुम्हाला!"

"आठ वर्षांत तेही विसरत चाललेत, भाऊ."

बोलता बोलता बाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. कारकुनांना फार वाईट वाटले, पण त्यांनी नोंद घेतली नाही. (गळतीची नोंद लेखी तक्रार आल्याखेरीज होत नाही.)

तेव्हा वाचकहो, जरा इकडे या. बाईंना आपण ओळखत नाही. त्यांचे नावही मुद्दामच सांगितलेले नाही. नळाचा वॉशर आपण जन्मात बदललेला नसावा. आणि एक पान तर आपले आत्ताच वाचून झाले आहे. एव्हाना पाचला चारच मिनिटे उरली आहेत, सही करा.

मात्र वाचताना बाईंची जराशी जरी दया आली असेल, तर आपण त्यांच्या बाजूचे झालात, म्हणजे अपात्र. अजिबात आली नसेल, तर सहीचीसुद्धा घाई नको. निवांत बसा. समितीत आपल्यासाठी खुर्ची केव्हाची राखून ठेवली आहे.