अकराव्या मजल्यावरच्या दोन खुर्च्या

गंगाधरकाका रोज सकाळी उदबत्ती लावतात, ती देवापुढे नाही, जिन्याच्या दारापुढे. दाराच्या फटीशी उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते बघत उभे राहतात.

नांदेडमधल्या आमच्या बारा मजली इमारतीची मी सेक्रेटरी. माझ्याकडे सगळ्याच्या याद्या आहेत. काका मात्र कुठल्याच यादीत बसत नाहीत.

त्यांचं आयुष्य धर्माबादला मिरचीच्या गोदामावर गेलं. तिथे एकदा चार पोती आतल्या आत धुमसली आणि अख्खी गल्ली खोकत रस्त्यावर आली. तेव्हापासून त्यांचं एकच वाक्य : "आग दिसती ताई, धूर घुसतो."

धूर जिन्यात घुसू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर जिन्याला आपोआप लागणारं जाड दार आहे. आमचे लोक वाऱ्यासाठी ते उघडं ठेवतात. सातव्या मजल्यावरच्या शोभाताई तर दाराला वरवंटा लावतात. काका तो रोज उचलून, धुऊन त्यांना परत देतात.

"काका, उन्हाळ्यात जीव जाऊन राहिला आमचा!"

"वाऱ्याला उघडलेल्या दारातून धूर इचारून येतो का गं? वरवंटा पाट्यावर ठेव. चटणी कर, मला बी दे."

जिन्यातले चपलांचे स्टँड, सायकली, गव्हाची पोती, सगळं त्यांनी भांडून हलवलं. आणि ते राहतात त्या अकराव्या मजल्यावर, दाराच्या आत, जिन्याच्या कोपऱ्यात स्वतःच्या दोन खुर्च्या मांडल्या! मी 'अडथळे' या यादीत त्या लिहिल्या. तीनदा हलवल्या, तीनदा परत आल्या. चौथ्यांदा नोटीस दिली. त्यांनी ती घडी घालून डगमगत्या खुर्चीच्या पायाखाली सरकवली. या माणसाला नेमकं हवंय काय, मला कळेना.

मग आगीची रंगीत तालीम ठरली. सूचना मीच लिहिली होती : भोंगा वाजताच पाच मिनिटांत सर्वांनी जिन्याने खाली यावे. शोभाताई लिफ्टने आल्या. "जिन्यानं गुडघे दुखतात की!" एक गृहस्थ कुकर बंद करायला परत वर जाऊन आले. मी नावं मोजली. दोन कमी. पुन्हा मोजली. पुन्हा दोनच कमी. सगळ्यांच्या आधी उतरायला हवेत तेच काका नव्हते.

धापा टाकत अकरावा मजला गाठला. दार घट्ट लागलेलं. कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर काकांच्या पत्नी मालनकाकू, दुसरीवर काका. काकूंचं एक अंग दोन वर्षांपासून लुळं आहे. माझ्या यादीत त्यांच्या नावापुढे 'आजारी' असा शेरा माझ्याच अक्षरात आहे.

"म्या म्हनलं, तुमी जावा," काकू अडखळत म्हणाल्या. "ऐकतेत कुठं?"

"मी पाच मिनिटांत उतरतो की ताई," काका म्हणाले. "हिला न्हाई उतरता येत. बंबवाले वर येईस्तोवर हितं धूर न्हाई आला म्हंजे झालं. तोवर बसतो गप्पा मारत."

मी यादी उघडली. 'उतरले' आणि 'अडकले' असे दोनच रकाने.

शेवटी 'अडथळे' मधल्या खुर्च्यांवर काट मारली आणि दार तपासायला पलीकडे मजल्यावर गेले. मागे दार आपोआप लागलं.

आतून आवाज आला, "ताई, नीट लागलं का?"

मी दोन्ही हातांनी दार ढकलून पाहिलं.

"लागलं, काका."