वीस फुटांचा आदेश

आमच्या मजल्यावर राहणाऱ्या निवेदकांनी स्वतःच्या बायकोपासून वीस फूट लांब राहावं, असा आदेश न्यायालयानं दिला, तेव्हा मजल्यावर तीव्र आश्चर्य व्यक्त करण्यात आलं. निवेदक म्हणजे बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारे गृहस्थ. 'प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य ते इतक्या मायेनं म्हणत, की रद्द झालेल्या गाडीबद्दल प्रवाशालाच अपराधी वाटे. असा माणूस बायकोचा हात पिरगळून मोडेल, हे आम्हाला पटणं शक्य नव्हतं. तिच्या ओरडण्याचा आवाज आम्ही सगळ्यांनीच ऐकला होता. पण भिंतीपलीकडून ऐकलेलं ग्राह्य धरू नये, असं मजल्याच्या समितीचं जुनं धोरण आहे, आणि मी समितीचा सचिव आहे.

त्यांची बायको, म्हणजे सगळ्या मजल्याची सूनबाई, चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचं काम करते. म्हणजे करायची, आता हात प्लास्टरमध्ये होता. आम्हा कुणाशी विचारविनिमय न करता ती परस्पर न्यायालयात गेली, याचंच खरं वाईट वाटलं.

आदेशात दोन गोष्टी स्वच्छ होत्या. सूनबाईला घराबाहेर काढता येणार नाही, आणि निवेदकांनी तिच्या वीस फुटांच्या आत यायचं नाही. निवेदकांनी घर सोडावं, असं मात्र कुठंही म्हटलेलं नव्हतं.

अंमलबजावणीसाठी संरक्षण अधिकारी आले. येताना टेप घेऊन आले. भिंतीपासून दारापर्यंत त्यांनी घर दोनदा मोजलं आणि कपाळाचा घाम पुसला.

"सोळाच फूट भरतंय. कायद्याला चार फूट कमी पडतायत."

"मग यांना बाहेर पाठवा," सूनबाई म्हणाली.

"तसा आदेश नाही, ताई."

"मग मी बाहेर जाऊ?"

"छे छे! तुम्हाला बाहेर काढणं हा गुन्हा आहे." अधिकारी दचकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण तुम्ही आपण होऊन दारापुढं चार फुटांवर बसलात, तर तुम्हाला कुणी काढलं असं होणार नाही."

अशा रीतीनं, घरात राहण्याचा हक्क पूर्णपणे अबाधित ठेवून, सूनबाईला व्हरांड्यात स्टुलावर बसवण्यात आलं. निवेदक कामावर गेले की ती घरात जाऊ शकेल, अशी सोयही होती. ही सोय कळताच निवेदकांनी, कुटुंबाला वेळ देता यावा म्हणून, रजा टाकली.

निवेदकांची आई, म्हणजे सासूबाई, आतल्या खोलीत वाटाणे सोलत होत्या. त्या सहसा बोलत नसत.

पहिली अडचण दात घासण्याची आली. सूनबाई ब्रश घ्यायला आत गेली आणि निवेदकांनी ताबडतोब अधिकाऱ्यांना फोन लावला. अधिकारी बिचारे धावत आले.

"ताई, तुम्ही अंतर मोडलंत."

"अहो, मला मारलं त्यानं! आदेश माझ्यासाठी आहे ना?"

"आदेश तुमच्यासाठीच आहे. पण अंतर दोघांमधलं असतं. ते मोडलं कुणी, हे टेपला कळत नाही."

दुसरी अडचण आमची होती. व्हरांडा ही सामायिक वापराची जागा आहे. तिथं चपलांचं कपाट ठेवायलाही परवानगी लागते, मग पीडित व्यक्ती ठेवायला का लागू नये? मी तसं तिला सौम्य शब्दांत सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चष्म्याची एक काच तडकलेली असल्यामुळं नजरेतला भाव मला नीट कळला नाही, आणि कळून घेण्याचं कारणही नव्हतं.

मग निवेदकांना आदेशातली खरी गंमत सापडली. ते खुर्ची दाराकडं सरकवत, तसं तिला मागं सरकावं लागे. ते उंबऱ्यात आले, की ती जिन्यापाशी. ते जिन्यापाशी आले, की ती खालच्या मजल्यावर. बोट न लावता, आवाज न चढवता, ते तिला संध्याकाळपर्यंत रस्त्यावर नेऊन पोचवत. "सांभाळून हं, मागं पायरी आहे," असंही घोषणेच्या सुरात सांगत. अधिकारी एकदा पाहणीला आले तेव्हा ते समाधानानं म्हणाले, "इतकं तंतोतंत पालन मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही."

पण एक दिवस ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत मागं गेली आणि थांबली. निवेदक आणखी एक पाऊल पुढं आले. ती हलली नाही. उलट प्लास्टरचा हात पोटाशी धरून सरळ त्यांच्या दिशेनं चालू लागली. इस्त्रीवाला बघत होता, गिऱ्हाइकं बघत होती. निवेदक लोकांसमोर अतिशय सभ्य असतात. ते बाजूला झाले. हे मी स्वतः गॅलरीतून पाहिलं. ती त्यांच्या अंगावरून गेली, जिना चढली, आणि सासूबाईंनी दार उघडून तिला आत घेतलं. मग आतून कडी लागली.

"आई, दार उघड," निवेदक म्हणाले.

"घर माझ्या नावावर आहे," आतून सासूबाईंचा आवाज आला. "तू वीस फूट मोजून उभा राहा."

"आई, अगं मी तुझा मुलगा!"

"तेच तर. तुझ्या बापाच्या वेळी असला आदेश मिळत नव्हता. मिळाला असता तर तू झालाच नसतास."

हे ऐकून मजला हादरला. एका सज्जन माणसाला भरसंध्याकाळी घराबाहेर उभं केलं जातं, ही कौर्याची परिसीमा होती. सगळी माणसं बाहेर आली. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. मी त्यांना माझ्या घरी आणलं. अजून ते माझ्याकडंच आहेत. बायको त्यांना वाढून झालं की स्वयंपाकघराचं दार लावून घेते. का, ते मी विचारलेलं नाही.

पलीकडच्या घरात आता दोघीच असतात. सूनबाईचं प्लास्टर निघालं, ती पुन्हा दुकानात जाते. कधीकधी भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येतो. त्याचा मात्र मजल्याला फार त्रास होतो.

म्हणूनच उद्याच्या सभेत, दोघींनी शांतताभंग केल्याबद्दल घर सोडावं, असा ठराव मी मांडतो आहे. आमच्या माणसांची खात्री आहेच. तुम्हीही याल, अशी आशा आहे. बोलायची गरज नाही, कुणाची बाजूही घ्यायची नाही. वेळ आली की फक्त हात वर करायचे. ते तुम्हाला जमतं, हे मला ठाऊक आहे.