शिट्टी काढली, रिंग राह्यली

दिवाळीच्या तोंडावर आमच्या बदनापुरात अर्धी गल्ली मैदा, तूप, साखर डब्यात घालून इस्माईलभाईंच्या भट्टीवर जाते आणि बिस्किटं भाजून आणते. यंदा माझी बायको मोनिकाही डबा घेऊन निघाली आणि मी तोंड उघडलं. (तिथंच चुकलं.)

"भट्टी कशाला? मी घरीच करतो, कुकरमध्ये!"

कारण होत्या सासूबाई. जाफराबादहून आल्या होत्या, पाचच्या गाडीनं परत जाणार होत्या. लग्नाला सहा वर्षं झाली, पण माझ्याबद्दल त्यांनी काढलेला एकमेव चांगला शब्द म्हणजे "बिचारे". आज त्यांच्या तोंडून एकदा तरी "वा" ऐकायचंच, असं मी ठरवलं होतं.

स्वयंपाकघराला आतून कडी घातली, गोळा मळला. मोबाईलवरची बाई म्हणाली, कुकरात मीठ पसरा, शिट्टी आणि रिंग काढा. मी शिट्टी काढली. रिंग राह्यली. (ऑफिसातसुद्धा माझ्या फायलीत एक कागद कमीच असतो.) पंधरा मिनिटांत टायर जाळल्यासारखा वास सुटला.

"मोनिका, काय जळून राह्यलं गं?" बाहेरून सासूबाई ओरडल्या.

"काही न्हाई मामी, खमंग भाजून राह्यलो!" मीच आतून ओरडलो.

झाकण काढलं. आत बिस्किटं कसली, रस्त्यावर टाकायची खडी! उरलेला अर्धा गोळा पिशवीत कोंबला आणि मागच्या दारानं भट्टी गाठली.

"शिवशंकरभाऊ, लाईन बघा न. दोन घंटे लागतील," इस्माईलभाई म्हणाले.

"भाई, इज्जतीचा सवाल आहे. सासूबाईंची पाचची गाडी आहे!"

रांगेतल्या उषाबाईंनी माझ्या भुवयांवरचा मैदा पाहिला. "जाऊ द्या हो बिचाऱ्याला पुढं." (इथंही तेच!)

चारला मी मागच्या दारानं आत. कुकर घासला, गरम बिस्किटं त्यात ओतली आणि कुकरासकट बाहेरच्या खोलीत हजर झालो. सासूबाईंनी एक मोडून खाल्लं. मी कुकर धरूनच उभा. त्यांनी दुसरं उचललं.

"वा जावईबापू! अशी आमच्या जाफराबादेत कोणालाच जमत न्हाईत."

खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. त्या क्षणी मला भट्टी, रांग, काही म्हणता काही आठवत नव्हतं.

"मोनिका, आजची गाडी राहू दे, उद्या जाईन." सासूबाई पदर खोचून उठल्या. "चला बापू, आणखी दोन किलो करा, गल्लीत वाटायला. मी बाजूला बसून बघते. मलाबी शिकवा."

"मामी, पण... गॅस संपला ना."

"टाकी कालच लावली," मोनिका म्हणाली आणि आईला बसायला शेगडीसमोर खुर्ची नेऊन ठेवली.